औषधाच्या कपाटातून : दुसऱ्या गुडघ्याआधी



गेल्या खेपेला उपवास आणि मधुमेहाच्या गोळ्या यांवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. उत्तरं सावकाश देते. या खेपेला विषय घरचाच आहे, म्हणजे माझा उजवा गुडघा. पुढच्या महिन्यात तो बदलायचाय. डावा २०२१ च्या नोव्हेंबरात बदलला. तेव्हा काय चुकलं आणि आता काय करायचं ठरवलंय, ते लिहिते. आपल्यातले निम्मे लोक आता साठीपुढचे आहेत, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडेल.

सुरुवात एका पार्सलने झाली. पुण्याहून वन्संचा फोन आला.

"वहिनी, पार्सल पोचलं का? त्यात आवळा कँडी आहे आणि कॅप्सूलच्या दोन बाटल्या आहेत. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस सुरू करा. आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकूंनी घेतल्या, त्यांचा गुडघा दुखलाच नाही."

"कसल्या कॅप्सूल, वन्सं?"

"अँटिऑक्सिडंट. सगळं नैसर्गिक आहे हो, अपाय काही नाही."

आता मी लेस्टरमध्ये तीस वर्षं केमिस्टच्या काउंटरमागे उभी राहिलेली बाई. "सगळं नैसर्गिक आहे" हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो आणि डोळे बाटलीच्या मागच्या लेबलाकडे. लेबलावर होतं क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, सेलेनियम, द्राक्षाच्या बियांचा अर्क आणि हळदीचा घट्ट केलेला अर्क. पाच जिनसा एका कॅप्सूलमध्ये, आणि दिवसाला दोन घ्यायच्या.

वन्संना मी हसून "बघते" म्हटलं. पण खरं सांगू? बाटली टाकून द्यावीशी वाटली नाही. डाव्या गुडघ्यानंतरचं दीड वर्ष आठवलं की कुणी राख लाव म्हटलं तरी लावीन अशी अवस्था होते.

* * *

डाव्या गुडघ्याची गोष्ट

ऑपरेशन उत्तम झालं. टाके सुकले, एक्स-रे छान आला. गुडघा नव्वद अंशाच्या पुढे वाकायला लागला. आमचे हे सगळ्यांना फोनवर सांगत होते, "हिचा गुडघा नवा कोरा झाला." पण आतून काहीतरी सारखं जळत होतं. रात्री पांघरूण गुडघ्याला लागलं तरी नको वाटायचं. बाहेरच्या बाजूला एक तळहाताएवढा भाग बधिर होता आणि त्याच्या कडेला मुंग्या यायच्या. चालताना दुखणं मला समजत होतं, पण बसून राहिल्यावर का दुखावं?

तीन महिन्यांनी तपासणीला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला, "सगळं जागच्या जागी आहे" म्हणाले आणि विचारलं, "कसं वाटतंय?" मी काय उत्तर दिलं असेल? "फाईन, थँक यू."

मुलगी बरोबर होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, काल रात्री तू जिन्यात रडत होतीस. मग फाईन कसं म्हणालीस?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे पस्तीस वर्षं राहून इंग्रजांची सवय लागली म्हणावं, तर आमच्या आईलाही कधी "कशी आहेस" विचारलं तर ती "बरंय" म्हणायची, ताप एकशे दोन असला तरी. एवढा मोठा डॉक्टर, एवढं छान ऑपरेशन, बाहेर रांगेत पंधरा माणसं, आणि आपण कुरकुर कशी करायची? शिवाय मनात भीती होती की तक्रार केली तर पुन्हा उघडतील.

वर्षभराने एका फिजिओ बाईंनी कापसाचा बोळा व्रणाच्या कडेने अलगद फिरवला आणि मी खुर्चीतून उडाले. त्या म्हणाल्या, "हे सांध्याचं दुखणं नाही, नसेचं आहे." गुडघ्यावर चीर देताना त्वचेकडे जाणारी एक बारीक नस बहुतेक वेळा कापली जातेच. म्हणून बधिरपणा येतो आणि बहुतेकांना तेवढ्यावरच निभावतं. काहींच्या बाबतीत मात्र नसा चिडतात. जीपींनी नसेच्या दुखण्यावरचं औषध सुरू केलं. फिजिओ बाईंनी घरचा अभ्यास दिला. व्रणाभोवती रोज दोनदा कापड फिरवायचं, आधी मऊ, मग खरखरीत. मी आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्याने सुरुवात केली आणि चार महिन्यांनी टॉवेलवर आले. दुखणं अर्ध्यावर आलं. पूर्ण गेलं नाही. गणपतीला आजही मी खुर्चीवरच बसते, पाटावर नाही.

* * *

पाचातला एक

हे माझं एकटीचं नशीब, असं मी समजत होते. तसं नाही. या देशात वर्षाला सुमारे एक लाख गुडघे बदलले जातात आणि बहुतेकांचं आयुष्य त्याने खरोखर सुधारतं. सांधा टिकतोही भरपूर. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या हिशेबाप्रमाणे पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी ८२ टक्क्यांच्या आसपास २५ वर्षं चालतात. पण टिकणं वेगळं आणि न दुखणं वेगळं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गुडघा बदलल्यावर लांबलेलं दुखणं वेगवेगळ्या पाहण्यांत १० ते ३४ टक्के लोकांना होतं. ढोबळ मानाने पाचात एक.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पुढे टिकणाऱ्या दुखण्याला आता वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत वेगळी जागा आहे. तेव्हा "एवढं मोठं ऑपरेशन म्हणजे दुखणारच" हे तीन महिन्यांपर्यंत ठीक. त्याच्या पुढे ते उत्तर चालत नाही.

हे का होतं ते मला स्वयंपाकघरातल्या धुराच्या अलार्मवरून समजलं. इथल्या प्रत्येक घरात तो असतो आणि मोहरी तडतडली की बोंबलतो. आपण पंखा लावतो, टॉवेल हलवतो, धूर जातो आणि अलार्म थांबतो. दुखण्याचंही तसंच. ऑपरेशन म्हणजे आग, नसा म्हणजे अलार्म. जखम भरली की नसांनी गप्प बसायचं. पण काहींचा अलार्म इतका हळवा होऊन बसतो की धूर संपला तरी वाजत राहतो, नुसती वाफ आली तरी वाजतो. आधी गुडघ्यातल्या नसा हळव्या होतात, मग पाठीचा कणा आणि मेंदू तीच सवय उचलतात.

ज्यांना ऑपरेशनआधी खूप दुखत होतं, अंगात इतर ठिकाणीही दुखणी आहेत, काळजी किंवा नैराश्य आहे, किंवा ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत वेदना नीट आवरली गेली नाही, त्यांना हा धोका जास्त. मी यातल्या तीन खान्यांत बसते.

* * *

यात अँटिऑक्सिडंट कुठून आले?

गुडघा बदलताना पुष्कळ ठिकाणी मांडीला पट्टा आवळतात, म्हणजे रक्त थांबतं आणि सर्जनला स्वच्छ दिसतं. तासाभराने पट्टा सोडला की रक्त धावत परत येतं, बरोबर ऑक्सिजनही. उपाशी पेशींना अचानक ऑक्सिजन मिळाला की त्याची अर्धवट, तापट रूपं तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. शिवाय हाड कापलेलं असतं, सूज असते, त्यातूनही हीच रूपं निघतात. ती आसपासच्या पेशींना आणि नसांना डिवचतात. आपल्या अलार्मला हळवं करणाऱ्यांपैकी ही एक मंडळी.

अँटिऑक्सिडंट म्हणजे या तापट मंडळींना शांत करणारी द्रव्यं. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून आपण लिंबू पिळतो, त्यात क जीवनसत्त्व तेच काम करतं. तर्क असा, की ऑपरेशनच्या दिवसांत शरीरात क जीवनसत्त्व भरपूर ठेवलं तर नसा कमी चिडतील आणि पुढचं लांबलेलं दुखणं टळेल.

तर्क चांगला आहे. पण काउंटरवर उभं राहून मी एक गोष्ट शिकले. फोडीला लागू पडतं ते गुडघ्याला लागू पडेलच असं नाही. करून बघावं लागतं.

आणि करून बघितलंय, पण बहुतेक मनगटावर. हॉलंडमध्ये १९९९ साली मनगट मोडलेल्या १२३ जणांवर प्रयोग झाला. काहींना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व ५० दिवस दिलं, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. मनगट मोडल्यावर काहींना एक भयंकर दुखणं जडतं, हात सुजतो, रंग बदलतो, वारा लागला तरी सहन होत नाही. इंग्रजीत त्याला सीआरपीएस म्हणतात. नुसत्या गोळीवाल्यांत ते २२ टक्के जणांना झालं, जीवनसत्त्ववाल्यांत ७ टक्के. मग २००७ मध्ये त्याच संशोधकांनी ४१६ जणांवर पुन्हा केलं. तिथे १०.१ टक्क्यांवरून २.४ वर आलं, आणि ५०० पेक्षा १५०० मिलिग्रॅमने काही जास्त साधलं नाही. म्हणून '५०० मिलिग्रॅम, ५० दिवस' हा आकडा जगभर पसरला. २००९ साली अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांच्या अकादमीने मनगटाच्या फ्रॅक्चरसाठी तो आपल्या मार्गदर्शनातही घेतला.

इथवर ऐकलं की वाटतं, घ्या लगेच. पण २०१४ मध्ये एडिंबरामध्ये मनगट मोडलेल्या ३३६ जणांवर तेवढाच डोस, तेवढेच दिवस दिला, आणि वर्षभर पाहूनही काही फायदा दिसला नाही. म्हणजे मनगटाच्या बाबतीतसुद्धा निकाल पक्का नाही.

गुडघ्याच्या बाबतीत तर पुरावा आणखी तोकडा. स्वित्झर्लंडमध्ये गुडघा बदललेल्यांना रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व ५० दिवस देऊन पाहिलं, ते २०१९ मध्ये छापून आलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली, की ऑपरेशननंतर शरीर क जीवनसत्त्व झपाट्याने वापरतं. गोळी न घेणाऱ्यांच्या रक्तात ते खाली गेलं, घेणाऱ्यांच्या रक्तात टिकलं. पण त्या प्रयोगाचा मुख्य प्रश्न गुडघा आखडण्याचा होता, लांबलेल्या दुखण्याचा नव्हता.

आणि मुख्य मुद्दा. मनगटाच्या प्रयोगांत मोजलं ते सीआरपीएस. गुडघा बदलल्यावर ते क्वचित होतं. आपल्या पाचातल्या एकाला जे होतं, त्याची कारणं दहा असतात. कुणाला नस चिडलेली, कुणाला बारीक जंतुसंसर्ग, कुणाचा सांधा सैल, कुणाचा थोडा तिरका, आणि कुणाचं दुखणं तर मुळात कमरेतून किंवा खुब्यातून खाली उतरलेलं. माझ्या माहितीतल्या एका गुजराती बेनचा गुडघा दोन वर्षं दुखत होता, शेवटी कारण निघालं खुब्यात. कुठली आवळ्याची बरणी खुब्याचा सांधा दुरुस्त करणार?

* * *

मग बाटलीतल्या बाकीच्या जिनसा?

इथे जरा कडक बोलते, कारण "अपाय काही नाही" हे खोटं आहे.

अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, या समजुतीला पहिला मोठा दणका फिनलंडमध्ये बसला. तिथे २९,००० हून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं, कर्करोग टळावा म्हणून. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसाच प्रयोग १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला. पुढे २०११ मध्ये ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के वाढलेला दिसला. ही सगळी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांची गोष्ट आहे, ५० दिवसांची नाही. पण "जास्त घेतलं तर जास्त चांगलं" हा हिशेब इथे चालत नाही एवढं तरी कळतं.

फ्री रॅडिकल्स नुसती गुंड मंडळी नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात. स्नायूंना "व्यायाम झाला, आता बळकट व्हा" हा निरोपही काही प्रमाणात तीच पोचवतात. २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर इन्सुलिनच्या बाबतीत व्यायामाचा जो फायदा व्हायचा तो अडला. माझ्या गुडघ्याला हे जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणत नाही. पण फिजिओचा व्यायाम हेच माझं मुख्य औषध असताना मी सांभाळूनच चालणार.

ऑपरेशनपुरतं बोलायचं तर ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस रक्त गोठण्याच्या कामात ढवळाढवळ करू शकतो. गुडघा बदलल्यावर पायात गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध काही दिवस देतातच. दोन्ही एकदम नकोत. हळदीचंही तसंच. आमटीतली हळद खुशाल खा, रात्री हळद-दूध प्या. पण कॅप्सूलमधला अर्क ही निराळी वस्तू आहे. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये इशारा दिला होता, कारण वॉरफरीन घेणाऱ्या एका रोग्याचं रक्त हळदीची गोळी सुरू केल्यावर धोकादायक इतकं पातळ झालं होतं.

राहिलं क जीवनसत्त्व. इथल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला रोज ४० मिलिग्रॅम पुरतं आणि हजाराच्या आत सहसा त्रास होत नाही. त्याच्यावर पोट बिघडतं. पण काउंटरवरून चार गोष्टी सांगते.

१. मूतखडा झालेला असेल किंवा किडनी कमजोर असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ साली छापलेल्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांना मूतखड्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला.

२. दंडावर साखरेचा सेन्सर लावत असाल तर त्याचं माहितीपत्रक वाचा. काही सेन्सर दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतल्यास साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर काय होईल ते सांगायला नको.

३. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं. रक्तदाब असेल तर साधी गोळी घ्या.

४. शरीरात लोह साठण्याचा आजार असेल, किंवा थॅलेसेमियामुळे लोह वाढलेलं असेल, तर ही गोळी आपल्या मनाने नकोच. ती लोह आणखी शोषायला लावते.

आणि पेरू, आवळा, संत्री, ढोबळी मिरची खायला कुणाची ना नाही. लेस्टरच्या बाजारात पेरू मिळतात. महाग मिळतात, पण मिळतात.

* * *

मी काय ठरवलं

दोन आठवड्यांपूर्वी ऑपरेशनपूर्व तपासणीला गेले, तेव्हा वन्संची बाटली पिशवीत घेऊन गेले. आयुष्यभर लोकांना सांगत आले की जे काही घेता ते सगळं डॉक्टरांना दाखवा, मग आपणच लपवायचं कसं? सर्जनबाईंनी लेबल वाचलं आणि बाटली बाजूला ठेवली. म्हणाल्या, ही नको. साधं क जीवनसत्त्व घ्यायचं असेल तर माझी हरकत नाही, तुमची किडनी चांगली आहे. ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस, जास्त नाही. उपयोग होईल याची हमी मी देत नाही.

हे उत्तर मला आवडलं. ना टिंगल, ना भुलवणी.

मग मी वहीत लिहून नेलेलं वाचून दाखवलं. तोंडाने सांगायला गेले असते तर पुन्हा "फाईन" म्हणाले असते. लिहिलं होतं, "डाव्या गुडघ्यानंतर मला दीड वर्ष नसेचं दुखणं होतं. मी सांगितलं नाही. या वेळी सांगणार आहे. कुणाला सांगायचं?"

त्या क्षणभर गप्प बसल्या. मग त्यांनी फिजिओ विभागाचा थेट नंबर दिला आणि फाइलवर डाव्या गुडघ्याची नोंद केली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही कळवलं, म्हणजे पहिल्या दिवसांची वेदना जास्त काळजीने आवरता येईल.

याच संदर्भात एक प्रयोग सांगते, तो मला सगळ्या गोळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटला. इथल्याच सरकारी रुग्णालयांत गुडघा बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनीही दुखत असलेले ३६३ जण निवडले. त्यांतल्या काहींना तीन महिन्यांच्या सुमारास एका प्रशिक्षित फिजिओने तासभर तपासलं. दुखणं कशाचं आहे, नसेचं, जंतूंचं, सांध्याचं की मनाच्या काळजीचं, ते शोधलं आणि त्याप्रमाणे योग्य ठिकाणी पाठवलं. नंतर वर्षभर फोन करून विचारपूस ठेवली. २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांपेक्षा या लोकांचं दुखणं वर्षाअखेर कमी होतं. फरक फार मोठा नव्हता, पण खरा होता. त्यात नवं औषध काहीच नव्हतं. कुणीतरी वेळेवर विचारलं आणि कुणीतरी खरं सांगितलं, एवढंच.

ते वाचून मला डाव्या गुडघ्याची ती तीन महिन्यांची तपासणी आठवली. त्या दिवशी मी खरं बोलले असते तर कापसाचा बोळा वर्षभर आधी फिरला असता.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता दोन खुणा आहेत. पन्नासाव्या दिवशी निळी, तेव्हा गोळी बंद. नव्वदाव्या दिवशी लाल, त्या दिवशी फोन. लाल खुणेशेजारी मुलीने लिहून ठेवलंय, "फाईन म्हणायचं नाही." आमचे हे रोज चहा करताना ते मोठ्याने वाचतात. हसतात, पण वाचतात.

नव्वद दिवस वाट बघायची हे साध्या, रेंगाळणाऱ्या दुखण्यासाठी, बरं का. गुडघा लाल आणि गरम झाला, जखमेतून पाणी आलं, ताप आला, किंवा कमी होत आलेलं दुखणं एकदम वाढलं, तर त्याच दिवशी फोन करा. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर सरळ इमर्जन्सी गाठा.

वन्संना काल फोन केला. कँडी संपली, छान होती, म्हटलं. कॅप्सूलचं खरं ते सांगितलं. त्या जरा हिरमुसल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? जोशीकाकूंचं सोडा. माझाच गुडघा गेल्या वर्षी केला ना, तो अजून रात्री जळतो हो. मी कुणाला बोलले नाही."

आम्ही तासभर बोललो. आज त्या पुण्यात डॉक्टरांकडे जाणार आहेत, आणि वहीत लिहून नेणार आहेत.

तुमच्यापैकी ज्यांचे गुडघे झाले आहेत त्यांनी जरूर कळवा. तीन महिन्यांनी कसं होतं, कुणाला सांगितलं, काय उपाय झाला. नाव नको असेल तर नाव न घालता पुढच्या खेपेला देईन. मी स्वतः कुठून लिहीन ते माहीत नाही, बहुधा पाय उशीवर ठेवून.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
लेस्टरची काकू

ता. क. – माझं लिहिणं हा डॉक्टरांचा सल्ला नाही. निवृत्त काउंटरवालीचा अनुभव आहे. आपापल्या गोळ्यांची यादी घेऊन आपापल्या डॉक्टरांना विचारा, आणि बाटली पिशवीत न्यायला विसरू नका.